ग्रीक पुराणकथा मुलांना कशा सांगाव्यात: डिमीटर-पर्सेफनीची गोष्ट घेऊन पहिल्या वाचनापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत

ग्रीक गोष्टी मुलांना सांगायला घेणारे बहुतेक जण एकाच क्रमाने चुकतात. हाताशी आली ती गोष्ट वाचायची, त्यातलं मुलांना चालणार नाही असं वाटेल ते गाळायचं, शेवटी तात्पर्य चिकटवायचं आणि सांगायला बसायचं. मग मधेच एखादं मूल विचारतं, "पण तिची आई एवढी चिडली का?" सांगणाऱ्याकडे उत्तर नसतं, कारण ते गाळलेल्या भागाबरोबर गेलेलं असतं.

काय गाळायचं हे ठरवण्याआधी गोष्ट कशावर उभी आहे ते कळायला हवं, आणि ते कळण्याआधी कोणतं कथन हातात आहे ते ठाऊक हवं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. उदाहरणासाठी धान्याची देवी डिमीटर आणि तिची पळवून नेलेली मुलगी पर्सेफनी यांची गोष्ट शेवटपर्यंत धरली आहे, कारण सांगणारे सगळ्यात जास्त घोळ हिच्यातच घालतात. इतर गोष्टी लागतील तशा येतील.

## १. आधी मूल ठरवा, मग गोष्ट

"लहान मुलांसाठी" हे पुरेसं नाही. पाच वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल एकाच गोष्टीत वेगळ्या गोष्टींना घाबरतात.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना एक माणूस, एक इच्छा आणि तिचा परिणाम एवढं पुरतं. हात लावेल ते सोनं होणाऱ्या मायडस राजाची गोष्ट चालते. अरायन या वादकाला खलाशी समुद्रात टाकायला निघतात आणि डॉल्फिन त्याला पाठीवरून किनाऱ्याला आणतो, ही ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली गोष्ट तर या वयासाठी फारच छान आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना संकट आणि युक्ती हवी असते, त्यांना पॉलिफीमस या एकडोळ्या राक्षसाची गुहा, मिनोटॉर या अर्ध्या बैलाचा चक्रव्यूह, मेडुसाला मारणाऱ्या पर्सिअसची ढाल द्या. दहाच्या पुढे मुलांना न्याय-अन्याय टोचायला लागतो. डिमीटर, मेलेल्या बायकोला परत आणायला निघालेला ऑर्फिअस, मेणाच्या पंखांनी उडणारा इकारस, यांच्या गोष्टी तेव्हा खऱ्या अर्थाने पोचतात. डिमीटरची गोष्ट सात वर्षांच्या मुलांनाही सांगता येते, पण थोडी आखूड करून. कशी, ते पुढे येईलच.

देवांचा राजा झ्यूस याचा बाप क्रोनस आपली बाळं गिळतो, ही गोष्ट मोठ्यांना भयंकर वाटते म्हणून ते ती टाळतात. मुलं मात्र ती मजेत ऐकतात, कारण शेवटी त्याला बाळाऐवजी दगड गिळायला लावतात आणि गिळलेली सगळी जिवंत बाहेर येतात. मोठ्यांना काय बोचतं आणि मुलाला काय बोचतं, यात गल्लत करू नका.

वयं मिसळलेली असतील तर गोष्ट सगळ्यात लहान मुलाला झेपेल आणि सगळ्यात मोठ्याच्या प्रश्नांना पुरून उरेल अशी निवडा. पॉलिफीमस अशा वेळी सहसा दगा देत नाही.

## २. एकच मूळ कथन धरा

ग्रीक पुराणकथांचा एकच अधिकृत ग्रंथ नाही. एकच गोष्ट वेगवेगळ्या शतकांत वेगवेगळ्या कवींनी वेगळी सांगितली. आज मुलांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच गोष्टी या तीन-चार कथनांची सरमिसळ असतात. सरमिसळ करायला हरकत नाही, पण ती आपण जाणून केलेली असावी.

डिमीटरच्या गोष्टीची दोन कथनं महत्त्वाची आहेत. पहिलं म्हणजे होमरच्या नावावर असलेल्या स्तोत्रांपैकी डिमीटरचं स्तोत्र, ४९५ ओळींचं. दुसरं रोमन कवी ओव्हिडच्या "मेटामॉर्फसिस"मधलं, इ.स. ८ च्या सुमाराचं. त्यांत फरक असे:

- स्तोत्रात खालच्या जगाचा राजा हेडीस पर्सेफनीला परत पाठवताना डाळिंबाचा दाणा लपूनछपून खायला घालतो. ओव्हिडमध्ये ती स्वतःच बागेत हिंडताना डाळिंब तोडते आणि सात दाणे खाते.
- स्तोत्रात तिला वर्षाचा तिसरा भाग खाली राहावं लागतं. ओव्हिडमध्ये निम्मं वर्ष.
- स्तोत्रात आई काही काळ एल्युसिस गावात म्हातारीच्या रूपात राहते आणि एका बाळाची दाई होते. ओव्हिडमध्ये हा भाग नाही, तिथली गोष्ट सिसिली बेटावर घडते.
- ओव्हिडमध्ये नावं रोमन आहेत, सेरीस आणि प्रॉसर्पिना.

आता आपल्याकडे नेहमी ऐकू येणारी गोष्ट आठवा. नावं ग्रीक, वर्षाची वाटणी निम्मी-निम्मी, आणि दाणे सहा. सहा दाणे या दोन्ही कथनांत नाहीत. निम्म्या वर्षाला एका महिन्याला एक दाणा असा हिशेब बसावा म्हणून पुढच्या सांगणाऱ्यांनी ते धरले.

असंच मायडसचं. तो आपल्या मुलीला हात लावतो आणि ती सोन्याची होते, हा प्रसंग ओव्हिडमध्ये नाहीच. तो १९व्या शतकात अमेरिकन लेखक नॅथानिएल हॉथॉर्न यांनी मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टीतून पसरला. तो घ्यायचा असेल तर जरूर घ्या, प्रसंग चांगला आहे. फक्त "प्राचीन ग्रीक लोक असं सांगत" असं म्हणू नका. जगात संकटं सोडणाऱ्या पँडोराकडेही ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात पेटी नाही, धान्य-तेल साठवायचा मोठा रांजण आहे. मुलांना तर रांजणच जास्त आवडतो, त्यात डोकावता येतं.

डिमीटरसाठी माझी शिफारस स्तोत्राची आहे. आईची बाजू तिथे पूर्ण येते. ह्यू एव्हलिन-व्हाइट यांचं १९१४चं इंग्रजी गद्य भाषांतर इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं. भाषा जुन्या वळणाची आहे, पण एका बैठकीत वाचून होतं.

तपासा: वहीत गोष्टीच्या नावाखाली एक ओळ लिहा, "मी धरलेलं कथन अमुक, दुसरीकडून घेतलेलं अमुक." ती लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## ३. नावं न घेता सांगाडा मांडा

आता पुस्तक मिटा आणि गोष्ट सात-आठ वाक्यांत लिहा. एकही नाव वापरायचं नाही.

> एक मुलगी मैत्रिणींबरोबर फुलं तोडत असते. जमीन दुभंगते आणि खालच्या जगाचा राजा तिला रथात घालून नेतो. तिची आई नऊ दिवस तिला शोधते. मुलीला कोणी नेलं आणि कोणाच्या होकाराने नेलं, हे कळल्यावर ती देवांची संगत सोडून माणसांत येऊन राहते. पुढे ती धान्य उगवूच देत नाही. माणसं उपाशी मरायला लागतात, देवांचे नैवेद्य बंद पडायची वेळ येते, तेव्हा देवांच्या राजाला मुलीला परत बोलवावं लागतं. पण मुलीने खाली डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो. म्हणून दर वर्षाचा तिसरा भाग तिला खाली राहावं लागतं.

नावं काढली की गोष्ट उघडी पडते. कोणाला काय हवंय आणि कोण आडवं येतंय, ते लगेच दिसतं. इथे आईला मुलगी हवी आहे, आणि ज्याच्याकडे दाद मागायची त्यानेच होकार दिलेला आहे. गोष्टीचं बळ इथे आहे. ऋतू का बदलतात हे तिच्यातून निघतं, पण "ऋतू कसे झाले" एवढंच सांगायला गेलात तर आई बाजूला पडते आणि भूगोलाचा धडा उरतो.

तपासा: एकेक वाक्य बोटाने झाका आणि उरलेली गोष्ट वाचा. पुढचं वाक्य लंगडं झालं तर झाकलेलं वाक्य गोष्टीचा आधार आहे, त्याला हात लावायचा नाही. काहीच बिघडलं नाही तर तो भाग सोडता येईल.

वरच्या सांगाड्यात दाईचा प्रसंग मुद्दाम घेतलेला नाही. म्हातारीच्या रूपातली डिमीटर त्या घरातल्या डेमोफून नावाच्या बाळाला अमर करण्यासाठी रोज रात्री आगीत ठेवते. एका रात्री बाळाची आई ते बघते आणि किंचाळते. प्रसंग विलक्षण आहे. आपलं मूल हरवलेली बाई दुसऱ्याच्या मुलात जीव गुंतवते आणि तेही हातचं जातं. पण तो काढला तरी गोष्ट उभी राहते. म्हणून नऊच्या आतल्या मुलांना मी तो सोडतो आणि मोठ्यांना आवर्जून सांगतो.

## ४. कठीण भाग: ठेवा, आड ठेवा किंवा सोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक कठीण जागेला एकच प्रश्न विचारा: हिच्यामुळे पुढे काय घडतं? उत्तरावरून तीनपैकी एक ठरतं. पुढचं सगळं तिच्यावर उभं असेल तर ठेवा. घटना लागते पण तपशील लागत नसेल तर पडद्याआड घडू द्या. पुढे काहीच अवलंबून नसेल तर सोडा.

पळवून नेणं ठेवायचं. पर्सेफनीला हेडीस आवडला होता, ती आपणहून गेली, असं गोड करून सांगण्याची हल्ली पद्धत पडली आहे. स्तोत्रात ती ओरडते. हेकटी ही देवी आपल्या गुहेत तो आवाज ऐकते, सूर्यदेव हेलिओस ऐकतो, आणि शेवटी आईच्या कानावर जातो. ओरडणं काढलंत तर आईला कळणार कसं? आणि मुलगी राजीखुशीने गेली असेल तर पृथ्वी उपाशी मारणारी आई निव्वळ हट्टी ठरते. सात वर्षांच्या मुलाला एवढं सांगितलं तरी पुरतं: "तिला जायचं नव्हतं. ती ओरडली. पण जमीन वरून मिटली." त्यापलीकडे काही नको.

झ्यूसचा होकार ठेवायचा. हा भाग सगळ्यात आधी गळतो, कारण देवांचा राजा वाईट दिसतो. पण आईचा राग आहे तो यामुळेच. "झ्यूस पर्सेफनीचा बाप. त्याने हेडीसला हो म्हणून टाकलं होतं. आईला विचारलं नाही. मुलीलाही विचारलं नाही." मुलांना हे लगेच समजतं. न विचारता आपल्याबद्दल ठरवलं जाणं त्यांच्या ओळखीचं असतं. हेडीस हा झ्यूसचा भाऊ, म्हणजे मुलीचा काका, हे आपणहून सांगायची गरज नाही. कोणी विचारलं तर नाकारू नका.

दुष्काळ ठेवायचा, मेलेली माणसं आड. बैल नांगर ओढतात, जव पेरला जातो, पण जमिनीतून काही वर येत नाही. एवढ्या चित्रात भूक येते.

इतर गोष्टींतल्या नेहमीच्या अडचणी याच कसोटीने सुटतात. पॉलिफीमस गुहेत अडकलेल्या ओडिसिअस या ग्रीक वीराची सहा माणसं खातो, हे ठेवा. ते काढलं तर ओडिसिअस एका मेंढपाळाचा डोळा उगाच फोडतो असं होतं. डोळा फोडणं मात्र एका वाक्यात उरका. झ्यूसची प्रेमप्रकरणं लहानांच्या गोष्टीत जवळजवळ नेहमी सोडता येतात, "पर्सिअसचा बाप झ्यूस" म्हटलं की काम भागतं. हेराक्लीस हा वीर वेडाच्या भरात स्वतःची मुलं मारतो, यावर त्याची कामं उभी आहेत. दहाच्या आतल्यांना "त्याच्या हातून घरात भयंकर अपराध घडला, आणि तो धुवायला त्याला युरिस्थिअस राजाची कामं करावी लागली" एवढं सांगा.

जिच्याकडे बघणारा दगड होतो त्या मेडुसाच्या बाबतीत कथन निवडूनच प्रश्न सुटतो. ओव्हिडमध्ये समुद्राचा देव (ग्रीकांचा पोसायडन, रोमनांचा नेपच्यून) तिच्यावर देवळात अत्याचार करतो आणि शिक्षा मात्र मेडुसाला होते. हेसिअडमध्ये ती गॉर्गन नावाच्या राक्षसी बहिणींपैकी एक आहे, तिघींत तेवढीच मर्त्य. लहानांसाठी हेसिअड धरा. "मेडुसा आपल्या रूपाचा गर्व करायची म्हणून तिला शिक्षा झाली" हे मधलं कथन कृपा करून सांगू नका. त्यात अन्याय झालेलीलाच दोष जातो आणि मुलं तोच दोष घेऊन मोठी होतात.

सावध: गाळणं आणि खोटं सांगणं यांत फरक आहे. गाळलेली जागा मूल मोठं झाल्यावर भरून काढतं. खोटं सांगितलेलं मात्र त्याला आधी पुसावं लागतं, आणि सांगणाऱ्यावरचा विश्वासही त्याबरोबर जातो.

## ५. नावं कमी आणि एकसारखी

लहानांच्या तोंडी गोष्टीत चार नावं पुरे. डिमीटर, पर्सेफनी, हेडीस, झ्यूस. हेकटी आणि हेलिओस यांना नावाऐवजी ओळख द्या: "गुहेत राहणारी दिवेवाली देवी", "सगळं वरून बघणारा सूर्यदेव". नाव सांगितलं की लगेच त्या माणसाला काहीतरी करू द्या. "डिमीटर ही धान्याची देवी होती" यापेक्षा "डिमीटर शेतातून गेली की तिच्या मागे जव पिकायचा" हे लक्षात राहतं.

उच्चार आधी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. इंग्रजी स्पेलिंग बघून पर्सेफोन, पेनेलोप असं वाचलं जातं, पण या नावांचा शेवटचा स्वर उच्चारायचा असतो: पर्सेफनी, पेनेलपी. ग्रीक गोष्टीत हेराक्लीस, रोमन गोष्टीत हर्क्युलीस. एकाच गोष्टीत झ्यूस आणि नेपच्यून एकत्र आले तर ते दोन संस्कृतींतून आले आहेत, त्यांतला एक बदला.

देवांना मराठीत आपण एकेरीत बोलतो, तेच इथे ठेवा. झ्यूस आला, डिमीटर गेली. "झ्यूस आले" म्हटलं की कोणी साहेब आल्यासारखं वाटतं.

## ६. गोष्ट ग्रीसमध्येच राहू द्या

झ्यूसला इंद्र आणि हेडीसला यम करण्याचा मोह आवरा. यम म्हटला की रेडा, चित्रगुप्त आणि पापपुण्याचा हिशेब आपोआप मागून येतो. डिमीटरच्या गोष्टीत मुलगी मेलेलीच नाही, तिला जिवंत खाली नेलं आहे. "खालच्या जगाचा राजा" हे साधं आणि अचूक आहे.

तिथलं जग उभं करायला फार काही लागत नाही. स्तोत्रातच पुरेसं आहे: गावाबाहेरची विहीर, तिच्यावर ऑलिव्हच्या झाडाची सावली, पितळी कळशा घेऊन आलेल्या चार बहिणी, लोकर पसरलेलं आसन. डिमीटर त्या घरात वाइन नको म्हणते आणि जवाचं पीठ, पाणी आणि पुदिन्याच्या जातीचा पाला यांचं पेय मागते. असे दोनच तपशील निवडा. सगळे घातले की गोष्ट सामानाखाली दबते.

ऋतूंपाशी मराठी सांगणारा हटकून फसतो. "ती खाली गेली की हिवाळा येतो आणि सगळं ओसाड होतं", असं म्हटलं की आपल्याकडच्या मुलाला ते पटत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. आपला हिवाळा म्हणजे हरभरा, हुरडा, गहू. आपल्याकडे जमीन करपते ती उन्हाळ्यात आणि हिरवी होते ती पावसात. ग्रीसमध्ये पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा, आणि रानफुलं वसंतात येतात. गोष्ट सुरू करण्याआधी दोन वाक्यांत हे सांगून टाका: "तिकडे थंडी आणि पाऊस एकत्र येतात. डोंगरावर बर्फ पडतं, बऱ्याच झाडांची पानं झडतात, आणि थंडी सरली की माळावर एकदम फुलं येतात." स्तोत्रात पर्सेफनी वर येते ती याच फुलांबरोबर.

मुलं मधेच "हे तर दुर्योधनाच्या मांडीसारखं!" असं ओरडतील, विशेषतः अकिलीस या वीराची टाच, त्याची एकच कमकुवत जागा, आली की. ओरडू द्या. ओळख पटली की परकी गोष्ट जवळची होते. मात्र आपण होऊन ती तुलना गोष्टीच्या मधे आणू नका, ती मुलांनीच शोधावी.

सावध: "घेतला वसा टाकू नका" किंवा "साठा उत्तराची कहाणी" असा शेवट ग्रीक गोष्टीला लावू नका. ते शब्द व्रताच्या कहाण्यांचे आहेत, त्यांच्यामागे वसा घेणारं घर असतं. इथे तसं कोणी नाही.

## ७. आधी बोला, मग लिहा

सांगायची गोष्ट आधी लिहिली की ती पुस्तकी होते. सांगाड्याचा कागद समोर ठेवून मोठ्याने बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका, मग हवं तर लिहा. लिहिण्यापासून सुरू केलं की असं होतं:

> त्यानंतर डिमीटर अत्यंत दुःखी झाली व तिने आपल्या कन्येचा शोध घेण्यास प्रारंभ केला. नऊ दिवस अन्नपाण्याचा त्याग करून तिने संपूर्ण पृथ्वीवर भ्रमण केले.

बोलण्यापासून सुरू केलं की असं:

> डिमीटरने दोन्ही हातांत मशाली घेतल्या आणि निघाली. एक दिवस गेला. खाल्लं नाही. दुसरा दिवस गेला. अंगावर पाणी घेतलं नाही. दिसेल त्याला विचारलं. माणसं खरं सांगेनात, देव खरं सांगेनात. पाखरंसुद्धा गप्प. असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी पहाटे समोरून कुणीतरी येताना दिसलं. तिच्याही हातात दिवा होता.

दुसऱ्या उताऱ्यात "दुःखी" हा शब्द कुठेच नाही. मशाली, उपास, गप्प पाखरं, सगळं स्तोत्रातलंच आहे. भावनेचं नाव घेण्याआधी मूळ कथनात बघा, तिथे बहुतेक वेळा एखादी कृती तयार असते.

संवादात नातं दिसू द्या. विहिरीवरच्या मुलींना ती देवी आहे हे ठाऊक नाही, समोर एक थकलेली म्हातारी आहे. म्हणून: "आजी, कुठून आलात? गावाबाहेर अशा एकट्या का बसलात? घरी चला ना." डिमीटर उत्तरात खोटं सांगते, की समुद्री चाच्यांनी मला क्रीटहून पळवून आणलं. ही ओळ सोडू नका. मोठ्या मुलांना लगेच कळतं की ती आपल्या मुलीबद्दलच बोलते आहे.

मग हसण्याची एक जागा ठेवा. स्तोत्रात आयांबी नावाची बाई गप्प बसलेल्या डिमीटरला थट्टा करून हसवते. काय थट्टा केली ते तिथे दिलेलं नाही, म्हणून ती जागा तुमची. घरातल्या बाईने नऊ दिवसांच्या उपाशी पाहुणीला हसवायला काय केलं असेल? इथे मुलं हसली की पुढचा दुष्काळ त्यांना झेपतो.

तपासा: रेकॉर्डिंग ऐकताना "आणि मग" मोजा. सलग तीन वेळा आलं तर तिथे प्रसंगांची यादी झाली आहे. आधीच्या घटनेमुळे पुढची घडते असं वाक्य बांधा, नाहीतर एक प्रसंग काढा.

## ८. सांगताना

पाच-सहा वर्षांच्यांना दहा मिनिटांच्या आत, आठ-नऊच्यांना पंधरा-वीस मिनिटं, त्याहून मोठ्यांना अर्धा तास चालतो. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं. मधलं पाठ करू नका, सांगाडा पाठ करा. नाहीतर एक शब्द विसरला की सगळं थांबतं.

नकाशा दाखवायचा तर सुरुवातीला, दोन मिनिटं. चित्रं गोष्ट चालू असताना दाखवू नका, मुलाच्या डोक्यातली पर्सेफनी तुमच्या चित्रापुढे पुसली जाते. एखादी वस्तू मात्र फार उपयोगी पडते. इथे अर्थातच डाळिंब. ते झाकून ठेवा. दाण्याचा प्रसंग येईल तेव्हा एक दाणा बोटांत धरून दाखवा, बोलू नका. मुलांना खायला गोष्ट संपल्यावर द्या. काही मुलं दाणा हातात घेऊन विचारात पडतात, त्यांना घाई करू नका.

मधे थांबून "सांगा पाहू, पुढे काय झालं असेल?" असं विचारू नका. वर्गात ते चालतं, गोष्टीत त्याने धागा तुटतो. प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज काढायचीही गरज नाही. हेडीसचा आवाज घोगरा केला की तो राक्षस होतो, आणि या गोष्टीत तो राक्षस नाही. देवांचा निरोप्या हर्मिस झ्यूसचा निरोप घेऊन येतो तेव्हा हेडीस किंचित हसतो आणि आज्ञा मानतो. ते हसणं शांतपणे सांगा, ते जास्त भीतिदायक आहे.

डिमीटर मुलीला मिठी मारते आणि मधेच विचारते, "खाली काही खाल्लंस का?" या प्रश्नानंतर थांबा. गोष्टीतली सगळ्यात लांब शांतता इथे घ्या.

## ९. प्रश्नांना उत्तरं, तात्पर्याला सुट्टी

गोष्ट संपली की "यावरून आपण काय शिकलो?" विचारू नका. इकारसच्या गोष्टीवर "वडिलांचं ऐकावं" हे झाकण सर्रास बसवलं जातं. पण पंख बांधले बापाने, उडायला नेलं बापाने, आणि त्याने सांगितलं होतं ते मधून उड असं: खाली गेलास तर पाण्याने पिसं जड होतील, वर गेलास तर उन्हाने मेण वितळेल. पंख तयार होत असताना मुलगा शेजारी बसून मेण अंगठ्याने दाबत खेळत होता, असं ओव्हिड सांगतो. एवढी गुंतागुंत असलेल्या गोष्टीला एक ओळ चिकटवली की मूल विचार करायचं थांबतं.

नेहमी येणाऱ्या प्रश्नांची तयारी मात्र ठेवा.

"हे खरं आहे का?" याला: "खूप वर्षांपूर्वी ग्रीसमधली माणसं या देवांची पूजा करायची. एल्युसिसला डिमीटरचं मोठं देऊळ होतं, त्याचे अवशेष अथेन्सजवळ आजही बघता येतात. आता तिथले बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत." आपल्या घरातल्या देवांशी तुलना करून कोणाला खालीवर करू नका.

"देव असून असं वाईट का वागतात?" याला: "या गोष्टींतले देव ताकदवान आहेत, मरत नाहीत. चांगलेच असतात असं त्या गोष्टी म्हणत नाहीत." मुलांना हे उत्तर पचतं.

"एका दाण्याने एवढं का?" खालच्या जगातलं अन्न खाल्लं की तिथलं बंधन लागतं, हा तिथला नियम. नियम अन्यायाचा वाटतो का, हे त्यांनाच विचारा आणि वाद होऊ द्या.

"तिला खाली आवडायला लागलं का?" स्तोत्र याबद्दल काही म्हणत नाही. तसंच सांगा. हा प्रश्न जवळजवळ नेहमी मुली विचारतात, आणि त्यावर त्यांच्याकडे स्वतःचं उत्तर असतं. ते ऐकून घ्या.

## १०. लिखित रूप द्यायचं असेल तर

बोललेली गोष्ट चांगली जमली की मगच लिहा. लिहिताना आवाज आणि थांबे जातात, त्यांची भरपाई परिच्छेदांनी करा. "खाली काही खाल्लंस का?" ही ओळ एकटी ठेवा. नावांची संख्या कागदावर थोडी वाढवता येते, कारण वाचणारं मूल मागे जाऊन बघू शकतं. हेकटी आणि हेलिओस यांना इथे नावं द्या, आणि शेवटी नावांची उच्चारासह यादी जोडा.

मजकूर तयार झाला की तो ज्याने ही गोष्ट कधी ऐकलेली नाही अशा मोठ्या माणसाला मोठ्याने वाचायला द्या आणि तुम्ही ऐका. वाचणारा जिथे अडखळेल ते वाक्य मोडून दोन करा. जिथे तो मागे जाऊन "ही कोण?" असं बघेल तिथे नाव उशिरा किंवा घाईत आलं आहे.

शेवटी पालक आणि शिक्षकांसाठी चार ओळींची टीप द्या: कोणतं कथन धरलं, काय सोडलं, काय बाहेरून घेतलं. डिमीटरच्या गोष्टीसाठी ती अशी होईल: "होमरच्या नावावरील डिमीटर-स्तोत्रावर आधारित. डेमोफून बाळाचा प्रसंग आणि हेडीसचं झ्यूसशी असलेलं नातं सोडलं आहे. आयांबीची थट्टा माझी आहे."